फक्त सात?

आमच्या सासूबाई युटाला आल्या ते साल २००६. एप्रिलअखेर आल्या, त्यामुळे वटपौर्णिमा आमच्याच घरी आली. आता सॉल्ट लेकच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, वडाचं झाड आणायचं कुठून? पण सासूबाई असल्या अडचणींना बधणाऱ्या नव्हेत. त्यांनी नातवाच्या ड्रॉइंगच्या कागदावर खडूने पारंब्यांसकट वड काढला, तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवला, पुढे आंबे ठेवले (मेक्सिकोचे, पण आंबेच) आणि पूजेला बसल्या. नेमकी त्याच वेळी शेजारीण दारात उभी. हातात केळं घालून भाजलेला ब्रेड. मॉर्मन शेजार असला की हा ब्रेड दर पंधरा दिवसांनी दारात येतोच.

हे काय चाललंय, असं तिने विचारलं. मी आपलं सांगितलं, की हाच नवरा सात जन्म मिळावा म्हणून बायका हा उपास करतात. अमेरिकन माणसाला हे सांगितलं की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. एक तर 'अय्या, किती गोड' किंवा मग डोळ्यांत स्वच्छ दिसणारी कीव. या बाईने तिसरंच केलं. जरा विचार करून, अगदी गंभीरपणे तिने विचारलं, "फक्त सात?"

मी सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं. त्या हसत म्हणाल्या, "तिला सांग, सातच पुरे आहेत!"

आम्ही तिघी हसलो खऱ्या, पण शेजारणीचा प्रश्न विनोद नव्हता हे मला पुढे कळलं. मॉर्मन म्हटलं की आपल्याकडे काय, अमेरिकेतल्या इतर राज्यांतही लोकांना एकच आठवतं: चार-चार बायका. त्यात टीव्हीवरच्या मालिकांनी भर घातली आहे. अजूनही कुणाला सांगितलं की आम्ही सहा वर्षं युटात काढली, तर पहिला प्रश्न तोच येतो. म्हणून एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. (या चर्चचं खरं नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका असं आवाहन केलं. पण दर वेळी एवढं लांब नाव लिहिणं काही मला जमणार नाही, तेव्हा माफी असावी.)

पहिली गोष्ट म्हणजे, आपण लग्नात 'जन्मोजन्मी' म्हणतो ते म्हणण्यापुरतं. त्यांच्याकडे ते कागदोपत्री असतं. टेंपलमध्ये जो विधी होतो त्याला ते 'सीलिंग' म्हणतात, म्हणजे मोहोर लावणं. ती लागली की नवराबायको आणि त्यांची मुलं या जगापुरती नाहीत, तर अनंतकाळासाठी एकमेकांची. मेलेल्या पूर्वजांचीसुद्धा अशी मोहोर त्यांच्या वतीने लावता येते. त्यासाठीच वंशावळी खणून काढायच्या, आणि त्यासाठीच जगातलं वंशावळींचं सगळ्यात मोठं ग्रंथालय सॉल्ट लेकमध्ये आहे. मला ते ग्रंथालय फार आवडायचं. आपल्या कुळाचा इतिहास कुळोपाध्यायांच्या वहीत असतो, तसं हे साऱ्या जगाचं, फक्त एसी असलेलं.

बाकीच्या ख्रिश्चनांच्या दृष्टीने यात बरंच विचित्र आहे. इतरांकडे लग्न मृत्यूबरोबर संपतं. इथे मात्र स्वर्गाच्या तीन पायऱ्या आहेत, सर्वांत वरच्या स्वर्गात पुन्हा तीन थर आहेत, आणि त्यातल्या सर्वोच्च थरात एकट्याला प्रवेशच नाही. तिथे जोडीनेच जायचं. म्हणजे पुरुष कितीही धर्मात्मा असो, बायकोशिवाय तो तिथे पोचत नाही. ब्रह्मचारी संत ही कल्पना त्यांच्या घडीत बसत नाही. इतकंच काय, देवालाही पत्नी आहे, स्वर्गातला पिता आहे तशी माताही आहे, असं ते मानतात. एलायझा स्नो नावाच्या कवयित्रीने १८४५ मध्येच तिच्यावर कविता लिहिली, आणि ती आजही चर्चमध्ये भजनासारखी गातात.

हे ऐकलं तेव्हा मी शेजारणीला म्हटलं, "मग तुमच्याकडे बायकांचं भलतंच बरं आहे की." ती म्हणाली, "हो, पण तिची प्रार्थना करायची नाही." चर्चच्या एका ज्येष्ठ नेत्याने, गॉर्डन हिंकली यांनी, १९९१ मध्ये तसं स्पष्टच सांगितलं होतं. आई आहे, पण तिच्याशी बोलायचं नाही. आईबद्दल फार चर्चाही करायची नाही. मॉर्मन बाईच्या जागेबद्दल मला त्या एका वाक्यातून जेवढं कळलं तेवढं नंतर वाचलेल्या पुस्तकांतून कळलं नाही.

२००७ मध्ये तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, बाउंटिफुलच्या टेंपलमध्ये. डोंगराच्या उतारावरची ती पांढरी इमारत, कळसावर सोनेरी देवदूत. आम्हालाही बोलावणं होतं, म्हणून मी हौसेने पैठणी नेसून गेले. तिथे गेल्यावर कळलं की आत फक्त सभासदांनाच जाता येतं, तेही बिशपकडून पास मिळालेल्या. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, दारू नाही, सिगरेट नाही, कॉफी नाही आणि चहासुद्धा नाही, हे सगळं पाळणाऱ्यालाच पास. (चहा नाही हे ऐकून माझं धर्मांतर कायमचं टळलं.) मी बाहेर बागेत बसले. बाकावर शेजारी आणखी एक बाई, जांभळट रंगाचा नवा ड्रेस, मांडीवर पर्स. त्या नवऱ्यामुलाच्या आई. मुलगा कॉलेजात असताना मॉर्मन झालेला, आई कॅथलिक. मुलाचं लग्न आत लागत होतं आणि आई बाहेर बसून माझ्याशी हवेबद्दल बोलत होती. यंदा ट्युलिप लवकर आले नाही का, वगैरे. चाळीसेक मिनिटांनी दार उघडलं, जोडपं बाहेर आलं, टाळ्या वाजल्या, आणि त्या उठून सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

त्या काळी अमेरिकेत नियम असा होता, की आधी साधं कायदेशीर लग्न सगळ्यांसमोर केलं तर टेंपलमधल्या सीलिंगसाठी वर्षभर थांबायचं. इतर कित्येक देशांत हा नियम नव्हताच, कारण तिथे सरकारी लग्न आधी करावंच लागतं. २०१९ च्या मे महिन्यात तो अमेरिकेतही रद्द झाला. आता सकाळी घरी लग्न आणि दुपारी टेंपल, असं करता येतं. बारा वर्षं आधी झालं असतं तर त्या बाईंना मुलाच्या लग्नात पहिल्या रांगेत बसता आलं असतं, एवढंच मनात आलं.

आता त्या चार बायकांकडे वळू. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. पुढे मंडळी इलिनॉयमधल्या नावू या गावी आली. तिथे १७ मार्च १८४२ ला बायकांची 'रिलीफ सोसायटी' निघाली, आणि तिची पहिली अध्यक्ष जोसेफची बायको एमा. गरिबांना मदत, आजाऱ्यांची सेवा अशी ती संस्था. आज ती जगातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या स्त्री-संस्थांपैकी एक आहे. आणि पुढच्याच वर्षी, जुलै १८४३ मध्ये, जोसेफने एक दैवी संदेश लिहवून घेतला. त्याच संदेशात अनंतकाळच्या लग्नाचा सिद्धांत आहे, आणि त्यातच बहुपत्नीत्वाची आज्ञाही. आणि त्यात एमाला नाव घेऊन बजावलं आहे, की नवऱ्याला दिलेल्या इतर स्त्रियांचा तिने स्वीकार करावा, नाहीतर नाश होईल. एका बाजूला हजार बायकांची पुढारी, आणि दुसऱ्या बाजूला साक्षात देवाच्या तोंडून ही धमकी! जोसेफच्या बायकांची संख्या ३० ते ४० असावी, त्यात काही आधीच दुसऱ्यांशी लग्न झालेल्या होत्या आणि एक तर पंधराचीही झालेली नव्हती, हे खुद्द चर्चने २०१४ मध्ये आपल्या लेखात मान्य केलं आहे. १८४४ मध्ये जमावाने जोसेफला तुरुंगात गोळ्या घालून मारलं. बाकीची मंडळी ब्रिगम यंगच्या मागे पश्चिमेला निघाली आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. एमा गेली नाही. ती नावूतच राहिली, तिथेच तिने दुसरं लग्न केलं, आणि बहुपत्नीत्वाला ती शेवटपर्यंत नाकारत राहिली.

युटात काय झालं याची गोष्ट मात्र सरळ नाही, आणि मला तीच जास्त रंजक वाटते. १८५२ मध्ये बहुपत्नीत्व जाहीर झालं आणि सारी अमेरिका त्यांच्यावर तुटून पडली. गुलामगिरी आणि हे, दोन्ही रानटीपणाचे अवशेष असं राजकीय पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहिलं गेलं. या बिचाऱ्या बायकांना सोडवलं पाहिजे, असा सगळीकडे सूर. पण या बिचाऱ्या बायका करत काय होत्या? १८७० मध्ये युटाच्या बायकांना मताधिकार मिळाला. बाहेरच्यांना वाटलं, आता या मत देऊन बहुपत्नीत्व उडवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. तेव्हा १८८७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून त्यांचा मताधिकारच काढून घेतला. म्हणजे सोडवायला आलेल्यांनी आधी मतपत्रिका काढून घेतली. १८९६ मध्ये युटा राज्य झालं तेव्हा राज्यघटनेतच तो परत मिळाला.

आणि डॉक्टर बायका! ब्रिगम यंगला (त्याच्या स्वतःच्या बायका पन्नासवर) असं वाटायचं की बायकांनी वैद्यक शिकून यावं. रोमेनिया प्रॅट १८७७ मध्ये आणि एलिस शिप १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. कॉलेजचं नाव ओळखीचं वाटतंय? आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या त्या इथूनच. हे मी सॉल्ट लेकच्या वाचनालयात वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून उगाच एक फेरी मारून आले. आनंदीबाईंच्या मागे गोपाळराव होते, त्यांचा हट्ट होता, त्यांचा जाचही होता. एलिस शिपच्या मागे कोण? तिच्या सवती. ती फिलाडेल्फियाला शिकत असताना तिची मुलं घरी सवतींनी सांभाळली, आणि पैशाचीही मदत केली. शिकता शिकता तिला तिथे आणखी एक मूल झालं तरी तिने शिक्षण सोडलं नाही. परत येऊन तिने सुईणींची शाळा काढली. आपल्या भाषेत 'सवत' या शब्दाला एकच चव आहे, कडू. या गोष्टीने माझ्या तोंडातली ती चव थोडी बदलली.

मार्था ह्यूज कॅनन तर त्याहून कडी. ही डॉक्टर, अँगस कॅननची चौथी बायको. नवऱ्याविरुद्ध आणि स्वतःच्या पेशंटविरुद्ध कोर्टात साक्ष द्यावी लागू नये म्हणून तान्ह्या मुलीला घेऊन इंग्लंडला पळून गेलेली. १८९६ च्या निवडणुकीत युटाच्या सिनेटसाठी ती डेमोक्रॅट म्हणून उभी राहिली आणि रिपब्लिकनांकडून उभे होते तिचे यजमान. ती निवडून आली, ते पडले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटमधली ती पहिली स्त्री. २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये युटातर्फे तिचा पुतळा बसला. चौथ्या बायकोचा पुतळा आहे, नवऱ्याचा नाही.

म्हणजे बहुपत्नीत्व चांगलं होतं का? मुळीच नाही. नवरा चार घरी वाटला गेला की बाईला आपलं पोट आपण भरायची सवय लागते, यात मोठेपणा बाईचा आहे, पद्धतीचा नाही. एकटेपणाही त्यात होताच. पण 'त्या सगळ्या अडाणी, दबलेल्या' हे जे बाहेरून बोललं गेलं ते खोटं होतं, एवढंच मला म्हणायचं आहे. असो.

शेवटी सरकारने चर्चची मालमत्ताच जप्त करायला घेतली तेव्हा १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी नवी बहुपत्नी लग्नं थांबवत असल्याचं जाहीर केलं. १९०४ मध्ये ते आणखी कडक झालं. आज कुणी मॉर्मनाने दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. टीव्हीवर दिसतात ते फुटून निघालेले गट, त्यांचा या चर्चशी संबंध नाही. हे मी आजवर किमान पन्नास लोकांना समजावून सांगितलं असेल.

गंमत अशी, की त्या डॉक्टरांच्या नाती-पणतींना विसाव्या शतकात घरी बसा असं सांगण्यात आलं. १९८७ मध्ये अध्यक्ष एझ्रा टॅफ्ट बेन्सन यांनी आयांना नोकऱ्या सोडून घरी येण्याचं आवाहन केलं. १९९५ मध्ये कुटुंबाविषयीचा जाहीरनामा निघाला. वडिलांनी कुटुंबाचं नेतृत्व आणि चरितार्थ सांभाळावा, मुलांचं संगोपन मुख्यतः आईचं, आणि दोघं समान जोडीदार. नेतृत्व एकाचं आणि दोघं समान, हे कसं, ते मी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्याकडे कसं असतं?" मग मी गप्प बसले.

प्रीस्टहुड, म्हणजे धर्मकार्याचा अधिकार, हा तर वर्तमानपत्रांचा आवडता विषय. बारा वर्षांच्या मुलाला तो मिळतो, त्याच्या आईला कधीच नाही. १९७९ मध्ये स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी लढणाऱ्या सोनिया जॉन्सनना, आणि २०१४ मध्ये स्त्रियांना प्रीस्टहुड मागणाऱ्या केट केली यांना चर्चने बाहेर काढलं. त्याच वेळी हळूहळू बदलही होत गेले. २०१२ मध्ये मुलींचं मिशनवर जायचं वय २१ वरून १९ झालं आणि मुलींची रीघ लागली. २०१३ मध्ये सर्वसाधारण परिषदेत पहिल्यांदा एका बाईने प्रार्थना म्हटली. २०१९ मध्ये बाप्तिस्मा आणि सीलिंगला बायका साक्षीदार होऊ लागल्या. शेजारणीला या सगळ्यात फारसा रस नव्हता. "प्रीस्टहुड मिळालं तर काय मिळेल? आणखी मीटिंगा," ती म्हणायची. सगळ्या बायकांचं असं मत नाही हे मला माहीत आहे. पण माझंही मत हळूहळू असंच झालं, की खरी गाठ तिथे नाहीच. खरी गाठ त्या मोहोरेत आहे.

२००९ च्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला. अडतीस वर्षांचा, तीन मुलं, कॅन्सर. वॉर्ड (म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, आपल्याकडच्या हॉस्पिटलचा नव्हे) कसा असतो ते मी तेव्हा पाहिलं. रिलीफ सोसायटीच्या बायकांनी एक कागद फिरवला आणि दोन महिने त्या घरी रोज संध्याकाळी गरम जेवण आलं. अंगणातला बर्फ कोण काढतंय हे तिला कळतही नव्हतं, सकाळी उठलं की वाट मोकळी असायची. मी भाताचं पातेलं घेऊन जायचे तेव्हा माझं नाव त्या कागदावर रीतसर लिहिलेलं असायचं, बुधवारी. आणि प्रत्येकजण तिला सांगायचं, तो तुझाच आहे, अनंतकाळ. तिला त्याचा आधार होता, खोटं कशाला बोलू. मला त्या वेळी तिचा हेवा वाटला होता.

पुढच्या वर्षी त्याच वॉर्डातल्या एका चाळिशीच्या गृहस्थांची बायको वारली. चौदा महिन्यांत त्यांनी टेंपलमध्ये दुसरं लग्न केलं, एका तिशीच्या आतल्या मुलीशी. तिचीही मोहोर त्यांच्याशी लागली. आता अनंतकाळात त्यांना दोन बायका. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

शेजारणीकडे एक मित्र यायचा. वॉर्डातलाच, लग्न न झालेला, सज्जन. मुलांना बास्केटबॉल शिकवायचा. आठ महिने दर रविवारी जेवायला आला आणि मग यायचा थांबला. कारण त्याच्या आईने त्याला हिशेब समजावून सांगितला. जिवंत बाईची मोहोर एकाच पुरुषाशी लागू शकते. हिची आधीच लागलेली आहे. हिच्याशी लग्न केलंस तर ते फक्त या जन्मापुरतं. इतकंच नाही, तर तुम्हाला होणारी मुलंसुद्धा, नियमानुसार, तिच्या पहिल्या सीलिंगमध्ये जन्मलेली धरली जातील. आणि तू स्वतः वरच्या स्वर्गाला मुकशील. म्हणजे आपल्याकडे विधवेला अपशकुनी म्हणून बाजूला ठेवायचे, इथे तिला अत्यंत प्रेमाने, मानाने, गरम जेवणासकट बाजूला ठेवलं. तिच्यात काही खोट आहे म्हणून नव्हे, तर ती दुसऱ्याची आहे म्हणून. मेलेल्या दुसऱ्याची.

पुरुषाला हा प्रश्न येत नाही, कारण १८४३ चा तो संदेश अजून धर्मग्रंथात आहे. १८९० मध्ये बहुपत्नीत्व थांबलं ते इथल्या जमिनीवर. वरच्या वहीत ते चालूच आहे. कॅरल लिन पिअर्सन या मॉर्मन लेखिकेने २०१६ मध्ये यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याला या 'अनंत बहुपत्नीत्वा'चं भूत म्हटलं, ते अगदी बरोबर आहे.

चर्चची बाजूही सांगायला हवी. बाई मेल्यानंतर, तिची कायदेशीर लग्नं ज्या ज्या पुरुषांशी झाली त्या सगळ्यांशी तिची मोहोर लावता येते, आणि मग वर काय ते देव ठरवेल. कुणावर जबरदस्ती होणार नाही, देव न्यायी आहे, आत्ता काळजी करू नका, असं सांगतात. माझा आक्षेप देवाच्या न्यायाला नाही. माझा आक्षेप असा आहे, की 'देव बघून घेईल' हे फक्त बायकांनाच का सांगतात? पुरुषाला वहीत लिहून मिळतं, बाईला विश्वास ठेवायला सांगतात. अनंतकाळचा मामला असेल तर दोघांनाही लिहून द्या, नाहीतर दोघांनाही विश्वासावर सोडा. समान जोडीदार म्हणायचं तर किमान एवढं तरी हवं. ते होत नाही तोवर बाकीचे बदल मला दिवाणखान्याला रंग लावल्यासारखे वाटतात.

ऑक्टोबर २०१९ च्या परिषदेत डॅलिन ओक्स यांनी आपल्या भाषणात एका बाईचं पत्र सांगितलं. ती एका विधुराशी टेंपलमध्ये लग्न करणार होती आणि तिने विचारलं होतं, की पुढच्या जगात मला माझं वेगळं घर असेल, का त्यांच्या आणि पहिल्या बायकोच्या घरात राहावं लागेल? सभागृहात हशा पिकला. त्यांनी तिला देवावर विश्वास ठेवायला सांगितलं. ओक्स स्वतः विधुर होऊन दुसऱ्यांदा सीलिंग झालेले, तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सनही तसेच. २०२५ मध्ये नेल्सन वारले आणि ओक्स अध्यक्ष झाले. ते पत्र सांगण्यात त्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. पण त्या रात्री शेजारणीचा मला मेल आला (आम्ही तोवर कॅलिफोर्नियात आलो होतो). दोनच ओळी. लोक हसले त्याचं तिला फार लागलं होतं, आणि त्या पत्रातल्या बाईला आपला पत्ता कळवावा असं तिला वाटत होतं.

मी एकदा तिला विचारलं होतं, की ती मोहोर रद्द करता येते ना? येते. अर्ज करावा लागतो, वरून परवानगी यावी लागते. ती म्हणाली, "त्याने काय केलं म्हणून रद्द करू? मेला, एवढंच केलं त्याने." यावर मी काय बोलणार?

२०२१ च्या उन्हाळ्यात तिने लग्न केलं. त्याचीही बायको वारलेली, त्याचीही मोहोर तिच्याशी लागलेली. म्हणजे इथे ही दोघं एकत्र, आणि तिथे दोघं आपापल्या घरी. वॉर्डातल्या लोकांना हिशेब जुळल्याचं समाधान झालं. "तिथे शेजारी तरी असू," असं ती मला म्हणाली आणि हसली, तेव्हा मला त्या केळ्याच्या ब्रेडची आठवण झाली.

लग्न तिच्या परसात झालं, सफरचंदाच्या झाडाखाली. आत-बाहेर काही भानगड नव्हती, आम्ही सगळेच होतो. धाकट्या बहिणीच्या त्या कॅथलिक सासूबाईही होत्या, या वेळी पुढच्या रांगेत. बिशपने लग्न लावलं. तुम्ही दोघं जिवंत असेपर्यंत, असं तो म्हणाला. मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही, कुठल्याही सिनेमातल्या अमेरिकन लग्नात म्हणतात तसंच. पण माझ्या बाजूला बसलेली तिची मोठी मुलगी एकदम रडायला लागली, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या अंगणातल्या बहुतेकांनी हे शब्द आपल्या माणसाच्या लग्नात पहिल्यांदाच ऐकले असतील.

घरी आल्यावर सासूबाईंना फोन केला. मामंजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि वटपौर्णिमेला आता त्यांना कुणी बोलावत नाही. शेजारीण त्यांना चांगली आठवत होती. "ती सातच का म्हणाली होती तीच ना?" मी म्हटलं, तीच. तिचं लग्न झालं, पण ते या एकाच जन्मापुरतं, असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणूस बरा आहे ना?"